बंधाची लांबी

आमच्या लिहिण्याच्या टेबलावर, बाप्तिस्म्याच्या नोंदवहीशेजारी, गेली काही वर्षे एक दगड आहे. खालून काळा, खडबडीत. वरच्या बाजूस मात्र फिकट गुलाबी पापुद्र्यांचा गुच्छ, जणू गव्हाच्या लोंब्यांची लहानशी पेंढी बांधून ठेवली आहे. भेटीस येणारी मंडळी तो हातात घेतात आणि कोठून आणला म्हणून विचारतात. जामनेरच्या वाटेवरील एका खेड्यातल्या विहिरीतून, असे सांगून आम्ही विषय बदलतो. वाचकहो, खरे सांगायचे तर त्या दगडाबरोबर आमची एक चूकही या टेबलावर येऊन बसली आहे. ती आज आपणांपुढे मांडावी असे मनात आहे.

आम्ही सेमिनरीत दाखल झालो ते बारावी विज्ञान होऊन. पुढे तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांतच वर्षे गेली. रसायनशास्त्राचे पुस्तक पुन्हा उघडण्याचा प्रसंग आला नाही. धर्मगुरुपदाची दीक्षा झाल्यावर धुळ्यास असताना वसतिगृहातील मुलांना आम्ही गणित-विज्ञान शिकवत असू. आठवी-नववीची मुले, त्यांना जे लागे ते आम्हांस येत होते. आपणांस विज्ञान येते, हा समज तेथेच मनात रुजला. धुळ्याहून जळगाव जिल्ह्यात बदली झाली तेव्हा तो समजही सामानाबरोबर आला.

येथे आल्यावर धर्मग्रामाच्या सभागृहात संध्याकाळची अभ्यासिका सुरू केली. सात मुले येऊ लागली. त्यांत अकरावी विज्ञानाची एक मुलगी होती. तिचे वडील विहिरी खोदण्याच्या कामावर जातात. खडकात सुरुंगाची भोके पाडणे, दगड फोडणे, मलबा वर काढणे हे त्यांचे काम. घरात दहावीपुढे गेलेले तिच्याआधी कोणी नव्हते. ती फार बोलत नसे, पण विचारी तेव्हा नेमके विचारी.

एका संध्याकाळी तिने विचारले, ‘‘फादर, कार्बन-हायड्रोजन बंध लांब की फ्लोरिन-हायड्रोजन बंध लांब?’’

बंध म्हणजे दोन अणूंची जोडणी. ती जुळल्यावर दोन्ही अणूंच्या केंद्रकांमध्ये जे सरासरी अंतर राहते, त्यास बंधाची लांबी म्हणतात. सरासरी अशासाठी, की अणू स्थिर नसतात, सतत कंप पावत असतात. एवढे आम्हांस आठवत होते. पुढचे आम्ही मनाने जुळवले. कार्बनचा क्रमांक सहा, फ्लोरिनचा नऊ. कार्बनचे वस्तुमान बारा, फ्लोरिनचे एकोणीस. जो जड तो मोठा. जो मोठा त्याचे केंद्रक जोडीदारापासून दूर. तेव्हा फ्लोरिनचा बंध लांब. आम्ही हे फळ्यावर लिहूनही दिले. सातही मुलांनी वहीत उतरवून घेतले.

घटक चाचणीत नेमका तोच प्रश्न आला. आमच्या अभ्यासिकेतून त्या परीक्षेस बसलेल्या मुलांनी एकच उत्तर लिहिले आणि सर्वांचे उत्तर चुकले. मुलीस वर्गात कारण विचारले गेले तेव्हा ती म्हणाली, ‘‘आमच्या फादरांनी सांगितले.’’ वर्ग हसला. मार्क दोनच गेले होते. पण त्या दिवसापासून ती अभ्यासिकेत येईनाशी झाली. दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी मिस्सानंतर तिचे वडील दाराशी थांबून म्हणाले, ‘‘फादर, पोरगी सायन्स सोडते म्हणते. आर्टला जाते म्हणते. आम्हांला त्यातले काय कळणार? तुम्ही सांगाल तसे.’’

‘तुम्ही सांगाल तसे’ हे शब्द आमच्या जिव्हारी लागले. आमच्याच सांगण्यावरून तर हे झाले होते. वेदीवरून बोलतो त्याच विश्वासाने आम्ही फळ्यापुढेही बोललो, आणि मुलांनीही तोच विश्वास ठेवला. दोन्ही ठिकाणचे आमचे ज्ञान सारखे नव्हते, हे मुलांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आम्हांस मात्र ठाऊक असावयास हवे होते.

आम्ही त्या आठवड्यात एस. टी. धरून धुळ्यास गेलो. तेथे रसायनशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आमचे जुने स्नेही आहेत. पांझरेच्या काठाजवळ त्यांचे घर. त्यांनी आमचे म्हणणे ऐकून घेतले, हसले नाहीत. आवर्तसारणी पुढे ठेवून म्हणाले, ‘‘हिला दोन दिशा आहेत. तुम्ही एकीचा नियम दुसरीला लावलात.’’

मग त्यांनी जे समजावले ते थोडक्यात असे. अणूतील इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती कवचांमध्ये असतात. घराच्या मजल्यांसारखीच ही कवचे मानावी. सारणीच्या एका उभ्या गणातून आपण खाली उतरत गेलो, म्हणजे प्रत्येक पायरीस एक नवा मजला वाढतो. फ्लोरिनखाली क्लोरिन, त्याखाली ब्रोमिन, त्याखाली आयोडिन. बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर जातात, अणू फुगतो आणि बंध लांबतो. ही अंतरे पिकोमीटरमध्ये मोजतात. एका मिलिमीटरचे शंभर कोटी समान भाग केले तर त्यांतला एक भाग म्हणजे एक पिकोमीटर. हायड्रोजनशी फ्लोरिनचा बंध सुमारे ९२ पिकोमीटर, क्लोरिनचा १२७, ब्रोमिनचा १४१, आयोडिनचा १६१. येथे जड तो मोठा, हे म्हणणे खरे ठरते. आमच्या मनात कुठेतरी हेच अर्धवट उरले होते.

परंतु आडव्या आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना नवा मजला चढत नाही. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिन या चौघांचे बाहेरचे इलेक्ट्रॉन एकाच मजल्यावर राहतात. एकेक इलेक्ट्रॉन वाढतो तसा केंद्रकातील धनप्रभारही एकेकाने वाढतो, आणि एकाच मजल्यावरचे इलेक्ट्रॉन एकमेकांना केंद्रकाच्या ओढीपासून पुरेसे झाकू शकत नाहीत. परिणामी सर्वांनाच आत अधिक ओढले जाते. अणू जड होतो, पण आकाराने लहान होतो. म्हणून हायड्रोजनशी कार्बनचा बंध १०९ पिकोमीटर, नायट्रोजनचा १०१, ऑक्सिजनचा ९६ आणि फ्लोरिनचा ९२. आम्ही सांगितले होते त्याच्या नेमके उलट.

या साध्या अंतरावर पुढचे बरेच काही अवलंबून असते, असे प्राध्यापकांनी सांगितले. हायड्रोजन-फ्लोरिन बंध आखूड, म्हणून मजबूत. एक मोल बंध तोडावयास सुमारे ५६५ किलोज्यूल ऊर्जा लागते. हायड्रोजन-आयोडिनचा बंध लांब, म्हणून सैल. तेथे सुमारे ३०० पुरतात. त्यामुळे पाण्यात हायड्रोजन आयोडाइड आपला हायड्रोजन सहज सोडते आणि तीव्र आम्ल ठरते, तर हायड्रोजन फ्लोराइड आपला हायड्रोजन धरून ठेवते आणि आम्ल म्हणून दुर्बळ गणले जाते. दुर्बळ म्हणजे निरुपद्रवी मात्र नव्हे. तेच काच खाते आणि माणसाच्या कातडीतून आत शिरून मोठी इजा करते.

‘‘आणि केवळ जागा पाहून भागत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘जळगावकडचे आहात, केळी पिकवताना पाहिली असतील. पिकवण्याच्या खोलीत सोडतात तो इथिलीन वायू. आणि पूर्वी कार्बाइडच्या पुड्या ठेवत, त्यांतून निघे तो ॲसिटिलीन. कार्बाइडने फळे पिकवण्यास आता कायद्याने बंदी आहे. दोन्ही वायूंत कार्बनला कार्बनच जोडलेला. पण इथिलीनमध्ये दुहेरी बंध, लांबी १३४; ॲसिटिलीनमध्ये तिहेरी, लांबी १२०. साधा एकेरी बंध असता तर १५४. जोडणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या वाढल्या की तेच दोन अणू अधिक जवळ येतात. तेव्हा तुलना करताना एकेरीची एकेरीशीच करावी.’’

परतीच्या एस. टी.त आम्ही हे सारे वहीत लिहून काढले. पारोळा, एरंडोल ही गावे मागे पडत होती आणि दोन्ही बाजूंस कापसाची शेते होती. पंचावन्नाव्या वर्षी विद्यार्थ्यासारखी वही मांडीवर घेऊन बसण्यात लाज वाटली नाही. लाज वाटत होती ती उद्याच्या भेटीची.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुलीच्या घरी गेलो. तिच्या आईने पाणी दिले, वडिलांनी खाट टाकली. मुलगी आत होती. आम्ही तिला बाहेर बोलावले आणि आईवडिलांसमोरच म्हणालो, ‘‘बाळ, चूक तुझी नव्हती. आम्हांस येत नव्हते आणि येते असे समजून आम्ही सांगितले. तू वर्गात आमचे नाव घेतलेस, ते खरेच होते.’’ ती काही बोलली नाही. तिची आजी कोपऱ्यात बसली होती. ती कौतुकाने म्हणाली, ‘‘हाई काय शे?’’ घरी येऊन फादर नातीपुढे चूक कबूल करतात, हे तिला नवलाचे वाटले असावे.

वातावरण जड झाले होते. ते मोडण्यासाठी म्हणून की काय, वडील उठले आणि फळीवरून हा दगड काढून घेऊन आले. ‘‘विहिरीत मांजऱ्या खडक लागला, त्यात सापडला,’’ म्हणाले. ‘‘मुंबईचे लोक विकत घेतात म्हणे. पोरीला आवडला म्हणून ठेवला.’’

खानदेशाचा काळा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा. तो थिजताना आत वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून ऊन पाणी झिरपत राहिले आणि त्या पोकळ्यांत त्यातील द्रव्यांचे स्फटिक धरले. जळगाव जिल्ह्यातील खाणींतून आणि विहिरींतून निघालेले स्टिल्बाइट व ॲपोफिलाइट यांचे स्फटिक आज जगातील अनेक संग्रहालयांत मांडलेले आहेत. आपल्याकडे सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते पाहावयास मिळतात. हातातला दगड स्टिल्बाइटचा आहे, हे पुढे प्राध्यापकांनी तो पाहून सांगितले. त्या दिवशी आम्ही फक्त तो मागून घेतला. मुलीस म्हणालो, ‘‘हा काय आहे ते आपण दोघे मिळून शोधू. येशील?’’ ती ‘बघते’ म्हणाली. दोन दिवसांनी आली.

स्टिल्बाइट हे झिओलाइट कुळातील खनिज. हे नाव क्रोनस्टेट नामक स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने १७५६ साली दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘उकळणारा दगड’ असा होतो, कारण तापवताच त्यातून पाणी बाहेर पडते. आम्ही एक कपचा परीक्षानळीत घालून तापवला. कपचा पांढरा पडून त्याचे पापुद्रे सुटले आणि नळीच्या वरच्या गार भागात आतून थेंब जमले. सातही मुले वाकून पाहत होती. कोरड्या दगडात पाणी कोठे होते, हा प्रश्न त्यांचा त्यांनीच विचारला.

उत्तरासाठी आम्ही पुन्हा धुळे गाठले. या खेपेस मुलगी आणि तिचे वडीलही बरोबर होते. प्राध्यापकांनी सांगितले ते असे. या दगडाचा सांगाडा सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचा आहे. प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन, आणि प्रत्येक ऑक्सिजन दोघांत सामाईक. स्टिल्बाइटमध्ये साधारणपणे चार जागांपैकी एका जागेवर सिलिकॉनऐवजी ॲल्युमिनियम बसलेले असते. ते सारणीत सिलिकॉनच्या लगेच डावीकडचे, म्हणून त्याचा धनप्रभार एकाने कमी पडतो. ती उणीव भरून काढण्यासाठी सोडियम आणि कॅल्शियम सांगाड्याच्या पोकळ्यांत येऊन राहतात, आणि त्यांच्याभोवती पाणी राहते. नळीत जमले ते हे पाणी.

वडील इतका वेळ ऐकत होते. विहिरीची खोली परसांनी मोजणारा तो माणूस. त्यांनी विचारले, ‘‘सर, एवढे बारीक मोजले कसे?’’ प्राध्यापकांना हा प्रश्न फार आवडला. स्फटिकावर क्षकिरण सोडले म्हणजे ते ठरावीक दिशांनी विखुरतात, आणि त्या दिशांवरून आतील अणूंची अंतरे काढता येतात. विल्यम ब्रॅग आणि त्यांचे चिरंजीव लॉरेन्स या पितापुत्रांनी १९१३ च्या सुमारास ही रीत बसवली. आपल्या साध्या मिठात सोडियम आणि क्लोरिन यांच्यामध्ये २८२ पिकोमीटर अंतर असते, हे या रीतीने कळते. दोघांना मिळून १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लॉरेन्स तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. पुढे अमेरिकेत लायनस पाउलिंग यांनी १९३० साली झिओलाइट कुळातील नॅट्रोलाइटच्या सांगाड्याची रचना मांडली.

‘‘पण येथे एक अडचण आहे,’’ प्राध्यापक म्हणाले. ‘‘क्षकिरण विखुरतात ते इलेक्ट्रॉनांमुळे. सिलिकॉनचे इलेक्ट्रॉन चौदा, ॲल्युमिनियमचे तेरा. क्षकिरणांना दोघे जवळजवळ सारखेच दिसतात. मग कोणत्या जागेवर कोण बसले आहे, हे कसे ओळखावे?’’

आम्ही गप्प राहिलो. मुलगी हळूच म्हणाली, ‘‘ऑक्सिजन किती लांब आहे त्यावरून?’’

प्राध्यापकांनी टेबलावर हात आपटला. तेच उत्तर होते. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचा बंध सुमारे १६१ पिकोमीटर, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचा सुमारे १७४. भोवतीचे चारही ऑक्सिजन जवळ असतील तर मध्ये सिलिकॉन, दूर असतील तर ॲल्युमिनियम. अंतर मधलेच आले तर त्या प्रकारच्या जागांवर दोघांची सरमिसळ आहे असे समजावे, आणि किती सरमिसळ तेही अंतरावरून काढावे. खनिजशास्त्रज्ञ खरोखरच असे करतात. ज्याचा चेहरा ओळखू येत नाही त्यास शेजाऱ्यांच्या अंतरावरून ओळखावयाचे.

वाचकहो, येथे आमची चूक आम्हांस नीट उमगली. सिलिकॉन ॲल्युमिनियमपेक्षा जड आहे: अठ्ठावीस विरुद्ध सत्तावीस. फळ्यावर आम्ही लिहून दिलेला नियम खरा असता, तर सिलिकॉनचा बंध लांब निघाला असता. पण दोघे एकाच आवर्तात शेजारी शेजारी; उजवीकडचे सिलिकॉन अधिक ओढीमुळे लहान, म्हणून त्याचा बंध आखूड. तो दगड गावच्या काळ्या खडकात आमच्या नियमाविरुद्धची साक्ष कोट्यवधी वर्षे सांभाळून बसला होता. आम्ही विचारले असते तर त्याने सांगितले असते.

परत येताना मुलगी खिडकीशी बसली होती. एरंडोल जवळ आले तेव्हा तिने विचारले, ‘‘फादर, मग जो बंध आखूड तो नेहमी मजबूतच असतो ना?’’

‘हो’ म्हणणे सोपे होते. कालपर्यंत आम्ही तेच म्हटले असते. आम्ही म्हणालो, ‘‘ठाऊक नाही. विचारून सांगतो.’’ तिने मान वळवून आमच्याकडे पाहिले आणि त्या दिवसात प्रथमच हसली.

उत्तर मिळावयास आठवडा लागला, आणि बरे झाले की आम्ही ‘हो’ म्हटले नव्हते. क्लोरिनच्या रेणूत दोन क्लोरिन अणूंचा बंध १९९ पिकोमीटर. तो तोडावयास सुमारे २४२ किलोज्यूल लागतात. फ्लोरिनच्या रेणूत बंध १४२ पिकोमीटर, म्हणजे पुष्कळच आखूड. पण सुमारे १५८ किलोज्यूलमध्येच तुटतो. फ्लोरिनचे अणू इतके लहान, की जवळ येताच दोहोंकडच्या, बंधात भाग न घेणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या एकमेकींस रेटू लागतात. जवळीक आहे, परंतु तीत दाटी आहे. आम्ही हे फळ्यावर लिहिले आणि खाली ‘हे आम्हांस ठाऊक नव्हते, विचारून लिहिले आहे’ असेही लिहिले. मुलांनी तेही वहीत उतरवून घेतले.

मुलीने सायन्स सोडले नाही. बारावीस तिला फार मोठे गुण पडले असे नाही. रसायनशास्त्रात मात्र चांगले पडले. आज ती धुळ्याच्या एका महाविद्यालयात बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षास आहे. वडील अजून विहिरींवर जातात. खडकात वेगळे काही चमकले तर खिशात घालून आणतात आणि रविवारी आमच्या हातावर ठेवतात.

अभ्यासिका चालू आहे. मागच्या आठवड्यात अकरावीच्या एका मुलाने विचारले, ‘‘फादर, गॅलियम ॲल्युमिनियमच्या खाली आहे, तरी पुस्तकात त्याची अणुत्रिज्या थोडी लहान कशी दिली आहे?’’ मजला वाढला तर अणू मोठा व्हावा, हा खालच्या दिशेचा नियम. तो येथे मोडलेला दिसतो. दोघांच्या मध्ये सारणीत दहा मूलद्रव्यांची एक ओळ येते, तिचा याच्याशी संबंध असावा इतके आम्हांस कळते. नीट समजावून सांगण्याइतके कळत नाही. प्रश्न वहीत टिपून ठेवला आहे. नाताळात मुलगी घरी येईल तेव्हा अभ्यासिकेत एक तास तिने घ्यावा, असा निरोप तिच्या वडिलांकडे दिला आहे. त्या दिवशी आम्ही मुलांबरोबर खाली सतरंजीवर बसणार आहोत.